‘मले काहीच नाई झालं’ म्हणणाऱ्याला बोलतं कसं करायचं

मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आशा आहे. माझ्या वह्यांत गरोदर बाया असतात, लेकरांच्या लसी असतात, तापाचे रुग्ण असतात. २०१५ साली त्यात मनाची भर पडली. शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी सरकारनं प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि आम्हा आशांना घरोघरी विचारायला सांगितलं: उदास वाटतं का, कामात मन लागतं का, जगणं नकोसं होतं का. आम्ही विचारलं. ज्याचं सोयाबीन शेंगा भरायच्या आधीच वाळलं होतं तो म्हणाला, "नाई." जिची पोरगी सासर सोडून परत आली होती ती म्हणाली, "मले कायचं दुःख बाई, बरं हाय सारं." कागद खरा धरला असता तर आमचं गाव देशातलं सगळ्यात सुखी गाव निघालं असतं.

प्रश्नांत खोट नव्हती. पण ओसरीवर सासू बसलेली, कुंपणापलीकडं शेजारीण कपडे वाळत घालते, समोरच्या बाईच्या हातात सरकारी वही, आणि ती विचारते, "मन उदास असतं का?" याला खरं उत्तर कोण देईल? मी तरी देणार नाही.

तुम्ही आशा असा, अंगणवाडी ताई असा, बचत गटाच्या सीआरपी (गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच ताई) असा, नाहीतर नुसते कोणाचे तरी भाऊ, सून, जावई असा. घरातलं माणूस आतून कुढतंय आणि वरून "काहीच नाई" म्हणतंय असं दिसलं तर काय करावं, ते कामातून मला जसं उमगलं तसं सांगते. यातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून उलटापालट केली आहे, तेव्हा गावात चौकशीला येऊ नका.

आधी त्याचा खर्च पाहा

"मन मोकळं कर, हलकं वाटेल." हा सल्ला देणाऱ्याला फुकट पडतो. बोलणाऱ्याला मात्र बोलायचा खर्च येतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा असतो. माणूस गप्प असतो तेव्हा त्यानं तो खर्च कधीच मोजून ठेवलेला असतो. तुमचं काम म्हणजे तो काय आहे ते ओळखणं, जमेल तेवढा कमी करणं आणि मग विचारणं.

कास्तकाराचा खर्च म्हणजे पत. मृगाच्या तोंडावर बियाणं-खत उधारीवर उचलायचं असतं. दुकानदार उधारी देतो ती माणूस पाहून देतो. पानठेल्यावर कोणी म्हणालं, "अमका यंदा खचला दिसते," की ते दिवस मावळायच्या आत दुकानात पोचतं, आणि मग ज्याचे पैसे अंगावर आहेत तो कापूस निघायच्या आधीच दारात उभा राहतो. म्हणून जून महिन्यात पानठेल्यावर जो सगळ्यात मोठ्यानं हसतो त्याच्या घरी मी एक चक्कर जास्त मारते. त्याला खोटारडा म्हणू नका. हसणं हेच त्याच्याकडं उरलेलं तारण असतं.

सोयरिकीचा खर्च याहून मोठा. घरात लग्नाची पोरगी असली की बापाचं, आईचं, काकाचं, कोणाचंच मन बिघडलेलं दिसून चालत नाही. पाहुणे यायच्या आधी गावात चौकशी करतात. "त्या घरात डोक्याच्या गोळ्या चालू हायेत" एवढं एक वाक्य पुरतं. मनाच्या आजाराच्या गोळ्या आमच्याकडं बीपीच्या गोळ्या म्हणून डब्यात राहतात, आणि यवतमाळला जे औषध मिळतं त्यासाठी माणसं नागपूरची वाट धरतात, कारण तिथल्या रांगेत कोणी ओळखीचं भेटत नाही.

सुनेचा खर्च म्हणजे जागा. दोन खोल्या, एक छपरी आणि सहा-सात माणसं. रडायला जागा नाही, हे मी अगदी खरोखरचं सांगते. पूर्वी बाया चुलीपुढं रडून घेत, धुराची सबब होती. आता गॅस आला, फेफडं वाचलं, सबब गेली.

आणि एक खर्च असा आहे की त्यावर रागावताही येत नाही. पोरगा पुण्याकडं कंपनीत. माय फोनवर सांगते, "पाणी बरं आलं, पऱ्हाटी झकास हाय." पोरगा सांगतो, "जेवण मस्त भेटते, ओव्हरटाइमही भेटते." दोघंही खोटं बोलतात आणि मी दोघांनाही ओळखते. मायला भीती, की लेकरू घाबरून नोकरी सोडून येईल. लेकराला भीती, की माय रात्रभर जागी राहील. हे लपवणं म्हणजे जीव लावणंच आहे. अशा माणसाला "माझ्यापासून लपवलं?" म्हणून धारेवर धरलं, की तो पुढच्या वेळी आणखी सफाईनं लपवतो.

पुरुषांना तर लहानपणापासूनच "पोट्टा होऊन रडते का बे" हे ऐकावं लागतं. त्यात गाडगेबाबांची गोष्ट. कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची खबर आली आणि "असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी" म्हणत बाबांनी कीर्तन पुढं चालवलं, ही गोष्ट आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मयतीत एखादा बाप हमसून रडायला लागला की कोणीतरी हीच गोष्ट काढतो. मला हे पटत नाही. बाबांनी ते स्वतःच्या दुःखाबद्दल म्हटलं होतं. दुसऱ्यांच्या दुःखापायी तर ते जन्मभर धर्मशाळा बांधत फिरले. त्यांचं वाक्य शेजाऱ्याच्या तोंडावर बूच म्हणून लावायला त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

तो कुठं थोडं सोडतो ते शोधा

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिजन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९६९ साली मांडलं, की भावना कुठं, कोणापुढं आणि किती दाखवायची याचे न लिहिलेले नियम प्रत्येक समाजात असतात. आमच्या गावचे नियम मी पाठ म्हणून दाखवते. मयतीच्या घरी बायांनी हेल काढून, गेलेल्याच्या आठवणी सांगत रडावं; पुरुषांनी बांबू, मडकं आणि लाकडं पाहावीत. पोरगी सासरी निघाली की मायनं रडावं. बापाला नेमका तेव्हाच आचाऱ्याचा हिशोब आठवावा. पण बैलजोडी विकली तर पुरुषाच्या डोळ्यात पाणी आलेलं चालतं, कोणी हसत नाही. खंजिरीच्या भजनात, सामुदायिक प्रार्थनेत डोळे मिटलेले असताना गाल ओले झाले तरी चालतं.

बायांकडं याहून पक्की सोय होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई मांडतात. त्या गाण्यांत सासरचा जाच असतो, माहेरी न धाडणारी सासू असते, खोड्या काढणारी नणंद असते. आणि ही गाणी ऐकायला सासू स्वतः समोर बसलेली असते, वर खिरापतही देते! हेच सून एरवी चुलीपुढं बोलली असती तर महिनाभर घरात अबोला राहिला असता. गाण्यात आलं की कोणाच्या अंगाला लागत नाही. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच होतं. जातं गेलं, गिरणी आली, आणि पहाटेची ती बोलायची वेळही दळणाबरोबर गिरणीत गेली.

सांगायचं ते एवढंच, की माणूस सगळीकडं सारखं लपवत नाही. कुठंतरी थोडं सैल सोडतो. ती जागा हेरा आणि तिथूनच आत शिरा.

आमच्याकडं एक वडीलधारे कास्तकार आहेत, त्यांना मी मामाजी म्हणते. बोलणं कमी झालं, दाढी वाढली, आणि विचारलं की "काई नाई" ठरलेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरावरून जाताना पाहिलं तर बैलांच्या खांदेमळणीची गडबड नाही, कोठा रिकामा. मी मनाबद्दल काहीच विचारलं नाही. म्हटलं, "मामाजी, जोडी कोणाले देली?"

झालं. अर्धा तास ते बैलांबद्दल बोलत होते. कोणता वखराला जोरात ओढायचा, कोणता पाण्यावर अडायचा, धाकट्याच्या शिंगाला कशानं इजा झाली. मग आपणहून म्हणाले, "जोडी गेली तवापासून कोठ्यात पाय नाई ठेवला वं. राती जाग येते. वाटते, वैरण टाकाची रायली." तिथून गाडी आपोआप ट्रॅक्टरच्या भाड्यावर आली, भाड्यावरून कर्जावर, कर्जावरून मोठ्या पोराशी झालेल्या भांडणावर. मी फक्त बैलांची नावं नीट लक्षात ठेवली होती.

विचारायचं कसं

समोरासमोर बसून विचारू नका. डोळ्यात डोळे घालून विचारलं की माणसाला फौजदारानं विचारल्यासारखं होतं. हातांना काम हवं आणि तोंडं एकाच दिशेला हवीत. निंदणाला शेजारची पात धरा, कापूस वेचताना बाजूच्या ओळीत राहा, तूर निवडायला सूप घेऊन बसा. पुरुषांसाठी दुचाकी चांगली, मागं बसलेल्याचं तोंड पुढच्याला दिसत नाही. आणि शेतीपंपाची लाईट रात्रीची असते तेव्हा ओलिताला माणूस एकटाच जातो, ती वेळ मनाला फार वाईट. तिथं मी जाऊ शकत नाही, म्हणून साळा किंवा दोस्त लावून देते. "लाईट येईपर्यंत धुऱ्यावर बस त्याच्याजवळ, मोबाईल खिशात ठेव," एवढीच सूचना.

पहिला प्रश्न शरीराचा विचारा. आमच्याकडं "मी निराश आहे" असं कोणी म्हणत नाही. लोक म्हणतात, जीव घाबरते, डोकं भणभणते, हातपाय गयाले, भाकर गोड लागत नाई. हे बहाणे समजून उडवून लावू नका. आमच्याकडं मन असंच बोलतं. आणि त्यात खरोखरचा शारीरिक आजारही असू शकतो. मी आधी हिमोग्लोबिन तपासायला पाठवते. फवारणीच्या दिवसांत तर आणखी सावध राहते. डोकं दुखणं, गरगरणं, ओकाऱ्या, लाळ गळणं, दरदरून घाम येणं ही विषबाधा असू शकते. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार आणि मजूर दगावले आहेत. तिथं मनाच्या गप्पा मारत बसू नये, १०८ ला फोन करावा.

नैराश्याच्या तपासणीसाठी जी नऊ प्रश्नांची यादी वापरतात तिला पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारायचं, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा वर गेली तर डॉक्टरला दाखवायचं. या नऊमध्ये झोप, थकवा आणि भूक हे तिन्ही प्रश्न आहेत. बोलणं मी तिथूनच सुरू करते. माणूस बोलता झाला की मग यादीच्या क्रमानं नऊही विचारते आणि गुण लिहिते, तोवर वही पिशवीतच.

आमच्या एका वहिनीचं डोकं सारखं दुखायचं. दर बाजाराच्या दिवशी गोळी मागायला यायच्या. कापूस वेचताना त्यांच्या बाजूची ओळ धरली.

"वहिनी, झोप येते का?"

"येते ना."

"उठता किती वाजता?"

"तीनले."

"तीनले उठून काय करता?"

"काई नाई. आढ्याकडं पाह्यतो."

"आढ्यात काय हाय?"

"हिशोब."

मी पुढं काहीच बोलले नाही. वेचत राहिले. इथं बहुतेकांना दम निघत नाही. समोरचा गप्प झाला की आपल्याला ओशाळल्यासारखं होतं आणि आपण काहीतरी शहाणपणाचं बोलून ती जागा भरून टाकतो. भरू नका. बोंडं वेचत राहा. ओळीच्या टोकाला जाऊन आम्ही परत फिरलो तेव्हा त्या म्हणाल्या, "पोट्टीच्या नर्सिंगचे पैसे होते, ते यायनं व्याजात भरले. मले सांगतलं नाई. मी पासबुक पाह्यलं."

"मग?"

"मग काय? मीबी नाई सांगतलं का मले मालूम हाय म्हणून. त्यायले वाटंन, बायको हिशोब मागते."

म्हणजे दोघं नवराबायको एकाच छपराखाली झोपून एकमेकांपासून तीच एक गोष्ट लपवत होते. तो पैसे गेल्याचं, ती कळल्याचं. आणि भाऊही, म्हणजे वहिनींचा नवरा, तीनला उठून अंगणात बिडी ओढत होते, हे त्यांनीच नंतर सांगितलं. एमिली बटलर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग मांडला होता. अनोळखी बायांच्या जोड्या लावल्या, त्यांना मन कालवणारा माहितीपट दाखवला आणि त्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सूचना होती, की मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. जिच्यासमोर असं लपवलं गेलं त्या बाईचाही रक्तदाब वाढला. आपण लपवलं म्हणजे समोरच्याचा त्रास वाचला, हा हिशोब इथंच चुकतो.

त्या वहिनींना मी "नवऱ्याशी बोला" असं सांगितलं नाही, कारण ते त्यांना परवडणारं नव्हतं. खर्च कुठं होता? नवऱ्याला तो ठपका वाटेल, यात. मग वाक्य बदललं. हिशोब मागायचा नाही, वाटून घ्यायचा. त्या रात्री एवढंच म्हणाल्या, "पासबुक मी पाह्यलं. आता पुढच्या हप्त्याचं दोघं मिळून पाहू." भाऊ आधी चिडले, उठून बाहेर गेले, परत आले. पैसे काही लगेच परत आले नाहीत. पोरीचं एक वर्ष गेलं. पण डोक्याच्या गोळ्या मागायला वहिनी कमी यायला लागल्या.

आता न बोलायची वाक्यं. "टेन्शन नको घेऊ." (कोणी हौसेनं घेतं का?) "लेकरायकडं पाह्य." "त्या अमक्याचं पाह्य, त्याचं तर सारंच गेलं." "म्या तवाच सांगतलं होतं." या चारही वाक्यांचा अर्थ समोरच्याला एकच ऐकू येतो: आता गप बस. यांच्या जागी "मग?" हा शब्द पुरतो. नाहीतर, "यंदा कोणाले झोप हाय बाप्पा! तुमाले येते का?" असं गावावर ढकलून विचारावं, म्हणजे त्या माणसाला एकट्यालाच उघडं पडल्यासारखं होत नाही.

वही बाहेर काढायची वेळ आली की त्यांना सांगून काढा, काय लिहिता ते वाचून दाखवा. आणि ऐकलेलं बचत गटाच्या बैठकीत, नळावर, नवऱ्याजवळसुद्धा न्यायचं नाही. फक्त एक गोष्ट मी आधीच बोलून ठेवते: "जीवावरची गोष्ट असंन तर मी एकटी पोटात ठेवणार नाई, दवाखान्यात सांगीन." हे आधी सांगितलं तर माणूस नंतर विश्वासघात झाला म्हणत नाही.

तुम्हीच लपवत असाल तर

सगळं सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक माणूस निवडा आणि एकच गोष्ट निवडा. सुरुवातीलाच सांगून टाका, "मले उपाय नको, नुसतं आयकून घे." आमच्याकडं ऐकणाऱ्याला उपाय सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे आधीच बोललेलं बरं.

तेवढाही माणूस नसेल तर कागद आहे. जेम्स पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली कॉलेजच्या पोरांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासाच्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. लिहिताना काहींना रडू आलं, मन जडही झालं. पण पुढच्या महिन्यांत जी पोरं घटना आणि त्याबद्दलचं मन दोन्ही लिहीत होती ती कॉलेजच्या दवाखान्यात कमी वेळा गेली. लिहून झाल्यावर कागद चुलीत टाका, नाहीतर फाडून टाका, कोणाला दाखवायचा नाही. लिहिता येत नसेल तर शेतात जाऊन मोबाईलमध्ये बोलून ठेवा आणि पुसून टाका. एक आजी महादेवाच्या देवळात जाऊन पिंडीला सगळं सांगतात, भांडतातसुद्धा. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

कधी खोदू नये

ज्या घरात नवरा मारतो तिथं बायकोनं लपवणं हा तिचा बचाव असू शकतो. ती बोलली आणि त्याच्या कानावर गेलं तर मार तिलाच बसणार. तिला एकांतात १८१ हा महिलांचा मदत क्रमांक सांगा, जीवाला धोका असेल तर ११२, आणि तिच्या वेळेची वाट पाहा. ताज्या मयतीच्या घरीही "मनात काय चाललंय" विचारू नये. तिथं भाकर-भाजी घेऊन जावं.

इथं मात्र वाट पाहू नका

"माझ्यामागं लेकरायले पाह्यजो" असं कोणी म्हणालं, हातउसने किरकोळ पैसे अचानक फेडत सुटलं, बहिणींना, जुन्या दोस्तांना कारण नसताना भेटून आलं, दारू एकदम वाढली, किंवा आठवडेच्या आठवडे घुसमटलेला माणूस कसलंही कारण नसताना एकाएकी शांत झाला, तर वर सांगितलेला सगळा आडमार्ग सोडा आणि सरळ विचारा: "मरायचे विचार येतात का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. ज्याला विचार येत असतो त्याला उलट सुटल्यासारखं होतं. पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न हाच आहे आणि याचं उत्तर "हो" आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी हालचाल करायची.

त्याला एकटं सोडू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते त्याच्या हाती लागणार नाही असं दुसऱ्याच्या घरी, कुलपात हलवा. टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्याच वेळाचा असतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानंच जीव वाचतात. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोन-मदतीचा क्रमांक २०२२ पासून आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पहिला फोन तुम्ही लावा आणि मग त्याच्या हातात द्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. कोणी काही घेतलंच असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८.

अशा वेळी घरचे पोलिसांच्या भीतीनं प्रकार दडपतात, दवाखान्यात "चुकून झालं" सांगतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला त्यासाठी शिक्षा करायची नसते. उलट त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. दवाखान्यात पोलिसांकडं नोंद होते, ती रीत आहे. त्यापायी उशीर करू नका, आणि डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगा.

गावात उपचारांची गोष्ट उघड व्हायला लागली की खर्च सगळ्यांचाच उतरतो. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता. गावातल्याच माणसांनी बैठका घेतल्या, घरोघरी गेले, समुपदेशन केलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले.

दुसऱ्या दिवशी

हे कोणी सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर सांगते. मन मोकळं केलेलं माणूस दुसऱ्या दिवशी तुम्हाला टाळतं. रस्त्यात दिसलात तर गल्ली बदलतं. त्याला वाटतं आपण जास्त बोललो, आता ही बाई गावभर करेल. याच दोन-तीन दिवसांत तुम्ही गेला नाहीत तर त्याची खात्रीच पटते आणि तो दरवाजा पुढं कित्येक महिने उघडत नाही.

तेव्हा जा, पण दुसऱ्या कामाचं निमित्त काढून. लेकराचं वजन, आजीच्या बीपीची गोळी, पाण्यात टाकायचं औषध, काहीही. कालचा विषय तुम्ही काढायचा नाही. चहा ठेवला तर प्या, नाही ठेवला तर मागा. मामाजींच्या घरी मी बैलांचंच बोलले, "धाकट्याले नव्या मालकाकडं करमलं का?" म्हणून. डॉक्टरकडं जायचं ठरलं असेल तर "जाल ना?" असं विचारून नका येऊ. वार, वेळ आणि सोबत ठरवूनच या: "बुधवारी साडेसातच्या एस.टी.नं यवतमाळले जाऊ. मी फाट्यावर उभी रायते. आधार कार्ड अन् जुन्या चिठ्ठ्या घेजा. कोणी विचारलं तर बीपी तपासाले चाललो म्हणजा."